गाळणी की कारखाना? किडनीवरून झालेलं ८२ वर्षांचं भांडण

आजचा प्रश्न ऐकून हसू येईल. लघवी तयार कशी होते? हसा, पण या प्रश्नावरून युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ जवळपास शतकभर भांडत होते. आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंसमोर होती तीच किडनी, तेच सूक्ष्मदर्शक.

सुरुवात इटलीतून करू. १६६२ साल, पिसा शहर, आणि लोरेन्झो बेलिनी नावाचा १९ वर्षांचा पोरगा. तोपर्यंत समज असा होता की किडनी म्हणजे घट्ट मांसाचा गोळा. बेलिनीनं ती कापली, तर आत बारीक तंतूंसारखं काहीतरी दिसलं. दाबल्यावर त्यातून थेंब आले. त्यानं ते चक्क जिभेवर ठेवून पाहिले! खारट, लघवीसारखे. म्हणजे ते तंतू नव्हते, नळ्या होत्या.

चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो मालपिगीचं पुस्तक आलं. त्यानं किडनीच्या धमनीत मद्यार्कात मिसळलेला काळा रंग सोडला आणि भिंगाखाली पाहिलं. रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना काळे गोल ठिपके लगडलेले होते, झाडाला सफरचंदं लागावीत तसे. हे ठिपके नळ्यांना जोडलेले असणार, अशी त्याला दाट शंका होती. पण रंग काही केल्या नळीत उतरला नाही. तो सांधा सापडायला पुढं १७६ वर्षं लागली.

सापडला तो लंडनमध्ये, १८४२ साली. विल्यम बोमन, वय २५. त्यानं धमनीत पाठोपाठ दोन रसायनं सोडली, जी एकमेकांना भेटली की पिवळा साका बनतो. काही ठिकाणी तो ठिपका आतून फुटला आणि पिवळा रंग थेट नळीत गेला. आता चित्र स्पष्ट झालं. ठिपका म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, त्याच्याभोवती वाटीसारखं आवरण, आणि त्या वाटीतूनच नळी सुरू होते. गुंत्याला आपण ग्लोमेरुलस म्हणतो, वाटीला बोमनची पिशवी, आणि नळीसकट सगळ्याला मिळून नेफ्रॉन. एका किडनीत असे सुमारे १० लाख!

रचना कळली म्हणजे काम कळलं, असं वाटतं ना? भांडण इथेच सुरू झालं.

बोमन म्हणाला, गुंत्यातून फक्त पाणी झिरपतं. युरियासारखा कचरा नळीच्या पेशी रक्तातून उचलतात आणि त्या पाण्यात टाकतात. म्हणजे किडनी हा कारखाना. त्याच वर्षी जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविगनं उलटं मांडलं. रक्ताच्या दाबानं पाणी, मीठ, साखर, युरिया सगळंच गाळून बाहेर येतं, फक्त रक्तपेशी आणि प्रथिनं मागं राहतात. मग नळीतून जाताना बराचसा भाग परत रक्तात जातो. म्हणजे किडनी ही गाळणी.

मी हे दिवाळीच्या साफसफाईसारखं समजून घेतो. एक पद्धत अशी, की घरात फिरून फक्त कचरा वेचायचा. दुसरी अशी, की सगळं सामान अंगणात काढायचं आणि हवं तेवढंच परत आत न्यायचं. बोमनची किडनी पहिल्या पद्धतीची, लुडविगची दुसऱ्या.

दुसरी पद्धत वेडगळ वाटते, बरोबर? अनेकांना तसंच वाटलं. १८७४ मध्ये ब्रेसलाउच्या रुडोल्फ हायडनहाइननं प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला. तो दिसला नळीच्या पेशींत, गुंत्यात नाही. शिवाय त्याचा सवाल रोखठोक होता: एवढं प्रचंड पाणी रोज गाळून परत कशाला न्यायचं? कारखानावाल्यांचं पारडं जड झालं. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेली किडनी कितीही बघितली, तरी निकाल लागणार नव्हता. गुंत्यातून नेमकं काय झिरपतं, ते जिवंत प्राण्यातच पकडायला हवं होतं.

ते पकडलं १९२४ साली, फिलाडेल्फियात. जोसेफ वेर्न आणि आल्फ्रेड रिचर्ड्स यांनी बेडूक निवडला, कारण त्याची किडनी पातळ असते आणि जिवंतपणी भिंगाखाली गुंते दिसतात. काचेची अतिशय बारीक नळी थेट बोमनच्या पिशवीत टोचून त्यांनी द्रव ओढला. त्यात प्रथिनं नव्हती, पण साखर आणि क्लोराइड होतं. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती. म्हणजे साखर आधी गाळून बाहेर आली आणि वाटेत परत गेली. लुडविग बरोबर होता!

पण हायडनहाइनही पूर्ण चुकला नव्हता. काही पदार्थ नळीच्या पेशी खरंच बाहेर ढकलतात. पेनिसिलिन त्यातलंच. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाला ते दिलं, तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून ते काढून पुन्हा वापरावं लागलं.

आता आकडा ऐका. आपल्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पाण्याचे २० लिटरवाले ९ जार! त्यातलं बाहेर पडतं साधारण दीड लिटर, बाकी सगळं परत. कचरा वेचण्याच्या पद्धतीत प्रत्येक नव्या विषासाठी वेगळा ओळखणारा लागला असता. इथं ज्याला परत न्यायची सोय नाही, ते आपोआप बाहेर राहतं.

आणि या भांडणाचा निकाल तुमच्या-माझ्या घरातल्या लॅब रिपोर्टवर छापलेला असतो. त्यातला जीएफआर म्हणजे एका मिनिटात किती मिलिलिटर गाळलं जातं, तो वेग. लघवीत प्रथिनं तपासतात, कारण धड गाळणी ती जवळपास सोडतच नाही. डायबेटिस आणि बीपीमुळे या गाळण्या खराब होतात, बहुतेकदा काहीही न दुखता. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. जे उरतात ते जास्तीचं काम ओढतात, म्हणून बरीच वर्षं काही जाणवतच नाही.

तेव्हा एक काम करा. घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल, तर शेवटची लघवीची तपासणी आणि जीएफआर कधी झाला, ते आज विचारा. वर्ष उलटून गेलं असेल तर डॉक्टरांकडे तो विषय काढा. भेटू पुढच्या भागात!