पिस्तूल आणि पाठशाळा

पाठशाळा म्हटली की पाटी, पुस्तक आणि फळा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु अमेरिकेतील टेक्सास राज्यात प्रौढ नागरिकांची एक निराळीच पाठशाळा भरते. तेथील विषय पिस्तूल अंगावर बाळगण्याचा होय. या पाठशाळेचा इतिहास लहान असला, तरी विचार करावयास लावणारा आहे.

टेक्सास म्हणताच कमरेला पिस्तूल लटकविलेला चित्रपटातील गुराखी आठवतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. यादवी युद्धानंतर राज्यात बेबंदशाही माजली होती. तेव्हा, गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या कारकीर्दीत, १८७१ साली पिस्तूल घेऊन हिंडण्यास कायद्याने बंदी करण्यात आली. प्रवासी इत्यादींचे अपवाद सोडल्यास हा निर्बंध सुमारे सव्वाशे वर्षे टिकला.

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन या गावी एका माथेफिरूने मोटार थेट उपाहारगृहात घुसविली आणि गोळीबार करून २३ जणांचे प्राण घेतले. सुझाना हप ही तरुणी आईवडिलांसह तेथे जेवत होती. तिच्याजवळ पिस्तूल होते, परंतु कायद्याच्या धाकाने ते तिने मोटारीतच ठेवले होते. आईवडील दोघेही मारले गेले. पुढे ती विधिमंडळात निवडून गेली. तत्पूर्वीच तिच्या साक्षींनी लोकमत हलविले होते. १९९३ साली गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी या विषयावरील विधेयक नाकारले. १९९५ साली त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मात्र लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने परवान्यापूर्वी शिक्षण आवश्यक ठरविले. दहा ते पंधरा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची कसोटी. कसोटीत तीन, सात व पंधरा यार्डांवरून ५० गोळ्या झाडावयाच्या आणि २५० पैकी १७५ गुण मिळवावयाचे. अभ्यासक्रमात शस्त्रविषयक कायदा होता, मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने पिस्तूल ठेवण्याची दक्षता होती, आणि तंटा बळाचा वापर न करता कसा मिटवावा हाही धडा होता. शिक्षक या नात्याने मला हा शेवटचा धडा सर्वांत मोलाचा वाटतो. शस्त्र हाती देण्यापूर्वी ते म्यानात ठेवण्याची विद्या शिकविणे, हे शहाणपणाचे लक्षण होय.

पुढे ही पाठशाळा आक्रसत गेली. २०१३ साली वर्गाचे तास चार ते सहावर आले. १ सप्टेंबर २०२१ पासून तर, कायद्याने अपात्र नसलेल्या एकवीस वर्षांवरील व्यक्तीस परवान्यावाचूनच पिस्तूल बाळगण्याची मोकळीक मिळाली. परवाना व वर्ग राहिले, ते ऐच्छिक म्हणून. उलटपक्षी न्यूयॉर्क राज्यात, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील जुना कडक नियम रद्द केल्यावर, विधिमंडळाने सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष नेमबाजीचा सराव सक्तीचा केला.

टेक्सासच्या नव्या कायद्याचे पुरस्कर्ते म्हणतात, जो घटनादत्त हक्क आहे त्याला परीक्षा कशाला? शिवाय वर्गाची फी आणि वेळ गरिबाला परवडत नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सुझाना हपचे दुःख तर कोणत्याही युक्तिवादाने पुसले जाणारे नाही. परंतु फी जड होत असेल, तर फी माफ करावी. धडाच का माफ करावा? पिस्तूल बाळगण्याचा हक्क एकाचा असला, तरी त्याच्या चुकीचे फळ शेजाऱ्याला, वाटसरूला, घरातील अजाण लेकराला भोगावे लागते. त्या लेकराने कोणताही परवाना मागितलेला नसतो.

अभ्यासक्रम हलका करा, अशी मागणी आम्हां शिक्षकांच्या कानी नेहमीच येते. गणिताचा एक पाठ गाळला तर विद्यार्थ्याचे चार गुण जातात. या पाठशाळेतील पाठ गाळला तर काय जाईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.