नूब, गोसू आणि कच्चा लिंबू

आंतरजालावर आणि व्हिडिओ गेमच्या जगात ‘नूब’ म्हणजे ज्याला खेळता येत नाही तो. आणि तेवढंच नव्हे, तर न येण्याची ज्याला लाजही वाटत नाही तो. या शब्दाचं मूळ ‘न्यूबी’, आणि ते संगणकाजवळचं नाही. १९७०च्या आसपास, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अमेरिकी सैनिकांच्या बोलीत ‘न्यूबी’ आढळतो. त्या युद्धात सैनिक साधारण बारा महिन्यांच्या नेमणुकीवर जात आणि बहुतेक वेळा एकेकटे जात. अख्खी तुकडी एकदम बदलली जात नसे. त्यामुळे मुरलेल्या तुकडीत नेहमीच कुणीतरी कालपरवा उतरलेला पोरगा असे. पाय कुठे ठेवायचा, गप्प कधी राहायचं हे त्याला ठाऊक नसे आणि त्याच्या अजाणपणाची किंमत शेजारच्याला मोजावी लागण्याची भीती असे. नवेपणाबद्दलची चीड या शब्दात तेव्हापासूनची आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो युजनेटवर रुळलेला दिसतो. युजनेट ही १९७९मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना सुचलेली आणि १९८०मध्ये सुरू झालेली चर्चांची जाळी. तिथले लोक मुख्यतः विद्यापीठांतले होते आणि त्यांनी वागण्याबोलण्याची एक रीत बसवली होती. आधी महिनाभर नुसतं वाचा, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं पाहा, मग तोंड उघडा. दर सप्टेंबरात अमेरिकेत नवे विद्यार्थी कॉलेजात येत, त्यांना खातं मिळे, आणि चार-सहा आठवडे गोंधळ माजे. जुने लोक वैतागत, टोमणे मारत, पण शिकवतही. ऑक्टोबर संपेपर्यंत नवे जुन्यांत मिसळून जात. शेतीच्या हंगामासारखं हे चक्र होतं.

१९९३-९४मध्ये ते तुटलं. अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना युजनेटचं दार उघडून दिलं आणि नव्यांचा ओघ थांबेचना. ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ हे त्या घटनेचं नाव तेव्हाच पडलं. कुणीतरी गमतीने एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. तो आजची तारीख सप्टेंबर १९९३चीच धरून मोजत राहतो. त्या हिशेबाने दहा हजारावी तारीख कधीच उलटून गेली आहे. विनोद छान आहे, पण त्यात एका वर्गाचं दुःख आहे आणि तितकाच त्याचा तोरा आहे. नवा माणूस शिकेल, हा विश्वास तिथे संपला. शिकवायला सवड असलेले थोडे आणि शिकणारे अगणित, असं झालं की शब्दातला शिकवण्याचा भाग गळून पडतो आणि हाकलण्याचा उरतो.

दुसऱ्या बाजूला ‘लीट’ होतं. ऐंशीच्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या फलक-सेवांवर काही सदस्यांना ‘एलीट’ दर्जा मिळे. त्यांना बंद कप्प्यांतल्या फाइली आणि खेळ उघडता येत. एलीटचं लीट झालं आणि अक्षरांच्या जागी त्यांच्यासारखे दिसणारे आकडे बसवून ते एक-तीन-तीन-सात असं लिहिलं जाऊ लागलं. रोमन लिपीत आणि त्या आकड्यांत तो शब्द दिसतो; देवनागरीत तेराशे सदतीस लिहिलं की नुसती रक्कम उरते. भाषांतरकाराने अशा ठिकाणी निमूटपणे हात जोडावेत. १९९८मध्ये ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या हॅकर मंडळींनी दुसऱ्याच्या संगणकाचा दुरून ताबा घेणारं ‘बॅक ओरिफिस’ काढलं, तेव्हा त्याच्यासाठी ठरवलेला पोर्ट क्रमांक ३१३३७ होता, म्हणजे तीच कुलमुद्रा. पुढे हाच आकड्यांचा वेश ‘नूब’लाही चढवला गेला आणि त्याच्या दोन ‘ओ’ंच्या जागी दोन शून्यं आली. खेळाडूंनी मग एक बारीक भेदही पाडला. ‘न्यूब’ नवा आहे, शिकेल. ‘नूब’ जुना असूनही शिकत नाही. कागदावर हा भेद मला फार आवडतो. खेळात चिडलेला कुणी तो पाळत नाही.

उलट्या दिशेचा ढोंगीपणाही याच काळातला. १९९६च्या सुमारास ‘वॉरक्राफ्ट २’मधले दोन पट्टीचे खेळाडू इतके प्रसिद्ध झाले की त्यांच्याशी कुणी खेळेना. तेव्हा त्यांनी स्मर्फ या कार्टूनमधली नावं घेतली, नवखे असल्याचं सोंग केलं आणि समोरच्यांना धुतलं. म्हणून अशा खेळाला ‘स्मर्फिंग’ म्हणतात. मराठीत यासाठी शब्द शोधावा लागत नाही. वेड घेऊन पेडगावला जाणं हेच ते.

इंग्रजी सोडून पाहिलं की कौशल्याचं मोजमाप निराळं दिसतं. ‘स्टारक्राफ्ट’ १९९८मध्ये आला तेव्हा कोरिया आर्थिक संकटातून जात होता. वेगवान इंटरनेट पसरत होतं आणि ‘पीसी बांग’ नावाच्या खोल्या गल्लोगल्ली उघडत होत्या. तिथे उत्तम खेळाडूला ‘गोसू’ म्हणत, कच्च्याला ‘हासू’, नवशिक्याला ‘छोबो’. यातले पहिले दोन बादुक, म्हणजे गो या पटावरच्या खेळाच्या भाषेत आधीपासूनच होते. मूळ चिनी अक्षरांचा अर्थ उंच हात आणि खालचा हात. छोबो म्हणजे पहिलं पाऊल. ‘स्टारक्राफ्ट’बरोबर ‘गोसू’ इंग्रजी खेळाडूंच्या तोंडीही बसला. मराठी वाचकाला हा हात ओळखीचा वाटेल. आपल्याकडेही कसब हातातच असतं: हात बसतो, हातखंडा असतो, सोपं काम हातचा मळ असतं. स्पॅनिश बोलणारे खेळाडू वाईट खेळणाऱ्याला ‘मांको’ म्हणतात, म्हणजे थोटा. सर्वांतेसला जन्मभर चिकटलेलं विशेषण तेच. १५७१च्या लेपांतोच्या लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला होता. रशियनमध्ये अनाड्याला ‘चायनिक’ म्हणजे किटली म्हणतात. ‘फॉर डमीज’ ही पुस्तकमाला तिकडे ‘किटल्यांसाठी’ म्हणून निघते. चिनी नवशिका ‘त्साय-न्याव’, शब्दशः भाजी-पक्षी. २०१३मध्ये अलिबाबाने आपल्या मालवाहतुकीच्या कंपनीला तेच नाव दिलं. अनाडीपणाची टर उडवताना या भाषा त्याला निदान घरातली जागा देतात, चुलीवर नाहीतर भाजीच्या टोपलीत.

आपल्याकडे ‘ढ’ आहे. एका अक्षरात माणूस निकालात काढणारा असा शब्द इतरत्र मला आढळलेला नाही. ब्राह्मीपासून आजवर हे अक्षर बदललंच नाही, शिकलंच नाही, म्हणून तो ढ, असं सांगतात. खरं असो वा रचलेलं, वर्मी लागणारं आहे.

पण खेळाच्या मैदानावर ढ चालत नाही. तिथे ‘कच्चा लिंबू’ आहे. आट्यापाट्या असोत की गल्लीतलं क्रिकेट, धाकटा भाऊ हट्टाने खेळायला आला तर त्याला घ्यायचं, पळू द्यायचं, फक्त त्याचं बाद होणं मोजायचं नाही. बंगालीत याला ‘दुधभात’ म्हणतात, ‘एलेबेले’ही म्हणतात. तेलुगूत तो खेळातलं केळं, ‘आटलो अरटिपंडु’. तमिळमध्ये ‘ओप्पुक्कु चप्पाणी’. कन्नडने तर व्याख्याच केली आहे: ‘आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल’, खेळात आहे, हिशेबात नाही. दूध, भात, केळं, लिंबू असा हा लहान मुलाच्या ताटातला शब्दसंग्रह. यात हेटाळणी नाही असं नाही. कच्चा लिंबू असण्याचा अपमान सात वर्षांच्या मुलाला चांगलाच कळतो. पण त्याला घराबाहेर काढलेलं नसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पक्का होणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं.

मला हे शब्द जमवावे लागले ते एका कुमार कादंबरीच्या भाषांतरामुळे. तिथे एक मुलगा दुसऱ्याला ‘नूब’ म्हणतो आणि दुसरा आठवडाभर खेळायला येत नाही. ‘नवशिका’ लिहिलं तर तो का आला नाही हे कळत नाही. ‘ढ’ शाळेतला. ‘कच्चा लिंबू’ म्हटलं की तो उलट खेळात घेतला जातो, कथानकच फिरतं. शेवटी मी ‘नूब’ तसाच ठेवला.

आता भारतातली मुलं त्याहून पुढे गेली आहेत. पबजी मोबाइल २०१८मध्ये आला, सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली, २०२१मध्ये तो नव्या नावाने परतला. आणि या सगळ्यात ‘बॉट’ ही शिवी रुळली. खालच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्यांच्या सामन्यांत बरेचसे प्रतिस्पर्धी माणसं नसतात, संगणकाने चालवलेली बाहुली असतात. ती मुद्दाम वाईट नेम धरतात, म्हणजे नवख्याला चार बळी मिळतात आणि तो टिकतो. बारकाईने पाहिलं तर हा कच्च्या लिंबाचाच नियम आहे, कंपनीने लावलेला. फरक एवढाच की गल्लीत तो खेळाआधी मोठ्याने सांगितला जाई. इथे त्या बाहुल्यांना माणसांसारखी नावं असतात, जिंकलेल्या मुलाला कुणी काही सांगत नाही, आणि चार पायऱ्या वर चढून तो खऱ्या माणसांसमोर पडला की तेच त्याला ‘बॉट’ म्हणतात.