माती वेशीपाशी संपत नाही

लोककला मातीतून उगवते, म्हणून ती गावातच जगते. कारखान्याच्या भोंग्याखाली तिचा नुसता ‘कार्यक्रम’ होतो, असे जाणती माणसेही म्हणतात. या मतामागे कळकळ आहे आणि छत्तीसगडमधल्या भिलाईचा दाखला त्याला सोयीचाही वाटतो. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्यासाठी इथल्या गावांची शेते गेली, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि शेतकऱ्यांची मुले पाळ्यांवर जाऊ लागली. यात बरेच काही हरवले, हे मान्य. पण शहरात कला मरते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

त्याच भागातले पंथी नृत्य घ्या. सतनामी पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांचे अनुयायी मांदर आणि झांजेच्या ठेक्यावर, पांढऱ्या जैतखांबाभोवती फेर धरतात. १९७४ च्या सुमारास नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर भिलाईत नाट्यशिबिर घेत होते, तेव्हा सतनामींचा मेळावा याच शहरातल्या मैदानावर भरला होता. सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या त्या समुदायापुढे ‘चरणदास चोर’चे पहिले, कच्चे रूप सादर झाले. दिलेल्या शब्दासाठी मरणाऱ्या चोराच्या त्या नाटकात पुढे पंथी कायमची सामावली. पोलादनगरीत कला सुकते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

दुसरा पुरावा तीजनबाईंचा. भिलाईजवळच्या गनियारीची ही पारधी मुलगी. पंडवानी म्हणजे महाभारताचे कथागायन; बायकांनी ते बसून करायचे, ती मात्र उभी राहून, हाती तंबुरा घेऊन ते गाऊ लागली. या गाण्यापायी तिला वाळीत टाकले ते तिच्याच समाजाने. नोकरी दिली ती भिलाईच्या कारखान्याने. पुढे २०१९ मध्ये तीजनबाईंना पद्मविभूषण मिळाले. गावाला कलेचे एकमेव माहेर मानणारे हा बहिष्कार सोयीस्करपणे विसरतात.

ब्राझीलचा इतिहासही हेच सांगतो. १८८८ मध्ये तिथली गुलामगिरी संपली. बाईया प्रांतातून रिओत आलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत सांबा घडला, तो शहरातच. त्यांच्या पूर्वजांची भूमी समुद्रापलीकडे, आफ्रिकेत राहिली होती. म्हणून कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या ब्राझिली पंथाच्या उपासकांनी पूजागृहाच्या जमिनीत मंत्रवलेल्या वस्तू पुरल्या आणि परकी माती आपली केली. जैतखांब रोवणारा सतनामीही हेच करतो. मातीशी नाते वारशाने मिळते, तसे ते नव्याने जोडताही येते.

आक्षेप उरतो तो मंचाचा: रात्रभराचा नाच दहा मिनिटांत उरकतो, नर्तकांचे मानवी मनोरे तेवढे टाळ्या घेतात. आक्षेप खरा, पण तो आयोजकांवर आहे. त्यासाठी शहराला दोषी धरता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी कामगारांच्या गर्दीतच तापली. कलावंताला मैदान, पुरेसा वेळ, योग्य मानधन आणि काय सादर करायचे हे ठरवण्याचा हक्क द्या. मग कला कुठेही टिकेल. ज्यांना गावाने कधी मान दिला नाही, त्यांच्या कलेला गावातच राहायला सांगणे हे मातीवरचे प्रेम नव्हे. ती जुनी वेसच नव्याने आखणे आहे.