१२ नंबरचं शेत कोणाचं?

प्रिंगल यांनी ठरवलेला शेतसारा इंदापूरच्या शेतकऱ्यांना पेलवेना. जमिनी ओस पडू लागल्या. म्हणून १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथं फेरमोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, त्यापुढे क्षेत्र, प्रत, आकार. संगणकाच्या भाषेत नंबर ही किल्ली, पुढचा तपशील हे मूल्य. पण नंबर प्रत्येक गावात १ पासून! समजा, बारामती आणि इंदापूरकडच्या दोन गावांच्या याद्या आपण पायथॉनमध्ये (आवृत्ती ३.९, २०२०) उभ्या रेघेच्या चिन्हानं जोडल्या. १२ नंबरचं एकच शेत उरतं, उजवीकडच्या यादीतलं. डावीकडच्या शेतकऱ्याचं मुकाट्यानं पुसलं जातं. साधी सूचनाही येत नाही. सातबाऱ्यावर मात्र नंबराबरोबर गाव, तालुका, जिल्हाही असतो. आपणही गाव आणि नंबर मिळून किल्ली केली, तर दोन्ही शेतं यादीत राहतात.