वाफेच्या छोट्या इंजिनासाठी रोलिंग रोड: विकत घ्यावा की बनवून घ्यावा?

रोलिंग रोड म्हणजे रुळाऐवजी रोलर बसवलेला स्टँड. मॉडेल इंजिनाची चालक चाकं या रोलरांवर बसतात. चाकं फिरतात, इंजिन मात्र जागचं हलत नाही. अंगणात रूळ टाकायला जागा नाही, किंवा व्हॉल्व्ह बरोबर लागलाय का हे जवळून बघायचंय, अशा वेळी टेबलावर काम भागतं. विजेच्या मॉडेलसाठी कुठलाही बरा स्टँड चालतो. खऱ्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचं तसं नाही.

कल्पना मूळची मोठ्या रेल्वेची. इंग्लंडमध्ये स्विंडनच्या कारखान्यात चर्चवर्ड यांनी १९०४ साली असं चाचणी केंद्र उभारलं. फ्रान्समध्ये वित्री इथलं केंद्र १९३३ चं, तर इंग्लंडमधलं रग्बीचं १९४८ चं. रग्बीत रोलरांना पाण्याचे ब्रेक जोडलेले होते, त्यामुळे इंजिन उभ्या जागी खऱ्या गाडीइतका भार ओढायचं. स्विंडनच्या केंद्राला सुरुवातीला फारशी शक्ती पेलवत नव्हती, ती क्षमता १९३० च्या दशकात वाढवावी लागली. हा भाराचा प्रश्नच छोट्या इंजिनालाही लागू होतो.

आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळचं माप म्हणजे फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९. माथेरानची गाडी आणि ग्वाल्हेर–श्योपूरची जुनी गाडी, दोन्ही ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या. या मापात ती रुंदी बरोबर ३२ मिलिमीटर होते. (ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी प्रसिद्ध आहे, पण ती विजेची.) याच छंदात ४५ मिलिमीटरचा रूळही सर्रास वापरतात. त्यामुळे स्टँडची रुंदी दोन्हींसाठी सरकवता आली तर उत्तम.

बनवायचा सोपा प्रकार असा. दोन पट्ट्यांवर स्थिर दांडे बसवायचे आणि त्यांवर बॉल बेअरिंग घालायची. बेअरिंगची बाहेरची कडी हाच रोलर. प्रत्येक चाकाखाली दोन, म्हणजे प्रत्येक ॲक्सलला चार बेअरिंग लागतात. चार चालक चाकांच्या इंजिनाला आठ, सहा चाकांच्या इंजिनाला बारा. ६२५ नंबरचं बेअरिंग (आतलं भोक ५, बाहेरचा व्यास १६, जाडी ५ मिलिमीटर) या कामाला छान आहे. दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेलं घ्यावं. रबरी सील असलेलं जड फिरतं. कपलिंग रॉडने जोडलेली सगळी चाकं रोलरवर हवीत, एकही ॲक्सल पट्टीवर टेकता कामा नये. चाकाची कड बेअरिंगच्या आतल्या बाजूने मोकळी लोंबायला हवी.

पुढच्या-मागच्या बिनचालक चाकांखाली साधी पट्टी चालते, पण तिची उंची मोजूनच ठरवावी. ४० मिलिमीटरचं चाक आणि २० मिलिमीटर अंतरावरचे १६ मिलिमीटरचे दोन रोलर धरले, तर चाकाचा तळ रोलरच्या माथ्यापेक्षा सुमारे १.८५ मिलिमीटर खाली जातो. पट्टी रोलरच्या माथ्याला समतल ठेवली तर इंजिन पुढून उचललं जातं आणि पुढच्या चालक चाकांवरचं वजन कमी होतं.

आता भाराचं. स्थिर दांड्यावरच्या बेअरिंगला ब्रेक लावायला जागाच नाही. थंड सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असतं. रेग्युलेटर उघडला तरी इंजिन अडून बसतं, म्हणून माणूस तो आणखी उघडतो. पाणी निघून गेलं की मागे डबे नसलेलं इंजिन सुसाट सुटतं, आणि ताण येतो तो क्रँकपिन आणि रॉडवर. त्यामुळे सुरुवातीला चाकं हातानेच पुढे-मागे फिरवून पाणी काढावं आणि रेग्युलेटर केसभरच उघडावा. मागचा हूक त्याच उंचीवरच्या खुंटीला बांधावा. उलट दिशेलाही चालवायचं असेल तर पुढचाही.

याहून बरा प्रकार म्हणजे भरीव रोलर फिरत्या दांड्यावर पक्के करायचे आणि बेअरिंग दांड्याच्या टोकांना ठेवायची. मग एका दांड्याला फ्लायव्हील किंवा चामड्याच्या पट्टीचा हलका ब्रेक जोडता येतो. यासाठी लेथ हवा. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतीत चित्र काढून दिलं तर टर्नरला हे काम अवघड नाही. जास्त पैसे लागले तरी वाफेसाठी हाच प्रकार करावा.

बॅक्रस ही अमेरिकन आणि केपीएफ झेलर ही जर्मन, या दोन्ही कंपन्या तयार स्टँड विकतात. घाई असेल, इंजिन एकच असेल, तर विकत घेणं सोयीचं. मागवण्याआधी रुळाची रुंदी, चालक ॲक्सल किती, पहिल्या ते शेवटच्या चालक ॲक्सलमधलं अंतर आणि इंजिनाचं वजन लिहून ठेवावं. इंधनही सांगावं. स्पिरिटवर चालणाऱ्या इंजिनाखाली थेंब सांडून पेट घेऊ शकतात, तिथे प्लॅस्टिकचा स्टँड नकोच. खाली पत्र्याचा ट्रे हवा. ब्यूटेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकी-दार उघडं ठेवावं. बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी आणि सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी आधी झालेली असावी, स्टँडवर ती होत नाही.

वेग मोजायला चाकावर पांढरा ठिपका द्यावा. ४० मिलिमीटरचं चाक मिनिटाला २०० फेरे घेत असेल तर १:१९ मापात तो वेग ताशी सुमारे २९ किलोमीटर होतो. रोलरवर तेल उडालं की चाक घसरतं आणि हा हिशेब चुकतो, म्हणून दर फेरीनंतर रोलर पुसून घ्यावेत.