भिवंडीत गारठा कुठला?

काही डॉक्टर मित्र ठामपणे सांगतात, हायपोथर्मिया हा सियाचिनचा आजार. भिवंडीत उष्माघाताचे रुग्ण येतात. गारठून हृदयाची लय बिघडलेला इथे कोणी पाहिला? मुद्दा लेचापेचा नाही. इथला मोठा शत्रू उष्माच आहे, हे निर्विवाद.

पण हायपोथर्मिया म्हणजे शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली जाणे. हवा किती गार, याचा व्याख्येत उल्लेखच नाही. कामवारी नदी फुगली की ईदगाह, तीनबत्ती भागांत पाणी शिरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातली ऊब ओढते. पुराचे पाणी २७ अंशांचे धरले, तरी ३७ अंशांच्या देहाला ते गारच. तासन्‌तास त्यात अडकलेला म्हातारा किंवा दारू प्यालेला माणूस किती टिकाव धरेल? सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. अशा ढिगाऱ्याखाली रक्त वाहून गेलेल्या देहाला ऊब राखता येत नाही. बाहेर पाऊस असो वा ऊन.

राहिला ‘पाहिला नाही’ हा पुरावा. दवाखान्यातल्या काचेच्या थर्मामीटरची पट्टी साधारण ३५ अंशांपासून वर जाते. आजार सुरू होतो तिथेच मोजमाप संपते. मग दिसणार काय?

ईसीजीत मात्र दिसते. गारठ्यात सायनस नोडच्या पेशी संथ होतात, ठोके मंदावतात आणि ॲट्रोपिनला सहसा दाद देत नाहीत. पीआर, क्यूआरएस, क्यूटी तिन्ही लांबतात. क्यूआरएसच्या शेवटी उंचवटा उमटतो, तो ऑस्बॉर्न तरंग. ऑस्बॉर्न यांनी १९५३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत त्याचे वर्णन केले; टोमाशेव्स्की यांनी तो १९३८ मध्येच गारठलेल्या माणसात नोंदवला होता. हा तरंग इतर कारणांनीही दिसतो, आणि घाईत तो हृदयविकाराचा झटकाही वाटू शकतो. ३२ अंशांखाली कर्णिका बेताल होतात. २८ खाली तर स्ट्रेचरचा हिसकाही जवनिकांना थरथरवू शकतो.

दुसरा समज अधिक घातक: अंग गार, नाडी नाही, म्हणजे संपला. नॉर्वेत १९९९ मध्ये पाण्यात अडकलेल्या आन्ना बोगेनहोल्म यांचे तापमान १३.७ अंशांवर गेले, हृदय थांबले, त्या वाचल्या. प्रतिपक्ष म्हणेल, ते बर्फाचे पाणी होते, शिवाय त्यांना आधी श्वासाला हवा मिळत होती. मान्य. आधी गुदमरलेल्याला गारठा तारत नाही. पण दावा ‘गार म्हणजे मृत’ असा सरसकट होता. तो पाडायला एक उदाहरण पुरते.

रुग्ण आडवा ठेवा, ओले कपडे काढा, नाडी मिनिटभर शोधा, ईसीजी काढा, ऊब द्या. मृत्यूचा दाखला त्यानंतर.