जुन्या मोटारीतील नवी उपकरणे : सुसंगतीच्या प्रश्नाचा इतिहास

मोटारीच्या इतिहासाचे लेखन बहुधा इंजिनाच्या अंगाने झालेले आहे. अश्वशक्ती वाढली, वेग वाढला, इंधने बदलली, हे त्यात विस्ताराने येते. परंतु गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर निर्माण झालेले उपकरण तिच्यात बसविता येते की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञाच्या दुकानापुरता मानला गेला. वस्तुतः मोटारीवर मालकाचा अधिकार किती आणि निर्मात्याचा किती, याची सीमारेषा कशी सरकत गेली, हे या उपेक्षित प्रश्नातूनच अधिक स्पष्ट दिसते.

१९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ विकावयास आणला. तो मूळ गाडीचा भाग नव्हता. मागाहून बसवावयाचा होता. बसविणाऱ्यासमोर प्रश्न होते ते विद्युत्‌शास्त्राचे. ठिणगीच्या प्लगांमुळे होणारी खरखर दाबावी लागे, आणि बॅटरीचा दाब जुळावा लागे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन गाड्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेल्या. ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याची रीत पुढील दशकातही टिकून होती. सहा व्होल्टचा रेडिओ बारा व्होल्टवर जोडला, किंवा ट्रान्झिस्टरच्या रेडिओची टोके उलटी झाली, तर तो जळे. तथापि या विसंगतीचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे : ती लपून राहत नसे. फ्यूज जाई, धूर निघे, आणि दोष कोठे आहे हे साध्या दिव्यानेही शोधता येई. शिवाय हानी बहुधा त्या उपकरणापुरती राही. रेडिओ मेला म्हणून ब्रेक बिघडला, असे घडण्याचा मार्गच नव्हता, कारण दोघांमध्ये बॅटरीखेरीज कोणताही संबंध नव्हता.

हा संबंध निर्माण झाला तो संगणकामुळे. १९७७ च्या ओल्ड्समोबाइल टोरोनॅडोमध्ये ठिणगीची वेळ ठरविण्याचे काम सूक्ष्मप्रक्रियकाकडे आले. १९८१ पासून जनरल मोटर्सने अमेरिकेतील आपल्या मोटारींत इंजिनाचे संगणकीय नियंत्रण सर्रास आणले. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांचे स्वतंत्र नियंत्रक झाल्यावर त्यांना परस्परांशी बोलणे भाग पडले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये या कामास आरंभ केला आणि १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', संक्षेपाने 'कॅन', ही पद्धती मांडली. १९८७ मध्ये इंटेलने तिची पहिली चिप काढली, आणि १९९० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत मर्सिडीज-बेंझच्या उच्च श्रेणीच्या गाड्यांत ती दिसू लागली. तारांचे ओझे कमी करण्यासाठी कॅन जन्मास आली, असे पुष्कळदा लिहिले जाते. मूळ हेतू नव्या सोयी जोडण्याचा होता. तारांची बचत हे अनुषंगिक फळ होय. जी पद्धती जोडण्यासाठी निर्माण झाली, तिनेच बाहेरच्या माणसाला जोडणे अवघड करून ठेवले, हा या इतिहासातील विरोधाभास आहे.

त्याचे कारण कॅनच्या घडणीत आहे. दोन तारांच्या एका जोडीवर सर्व नियंत्रक लटकलेले असतात. संदेशावर पाठविणाऱ्याचे नाव नसते. केवळ विषयाचा ओळखांक असतो, आणि तोच त्याचा अग्रक्रमही ठरवितो. दोघांनी एकदम बोलावयास आरंभ केला, तर ज्याचा अंक लहान त्याचे बोलणे पुढे चालते. अमुक अंक म्हणजे चाकाचा वेग आणि तमुक म्हणजे दाराची कडी, हे मानकात नाही. ते प्रत्येक निर्मात्याच्या स्वाधीन आहे, आणि सामान्यतः गुप्त असते. म्हणून नव्या उपकरणाने अजाणता गाडीच्याच एखाद्या संदेशाचा अंक वापरला, तर ऐकणाऱ्यास खरा कोण आणि उपरा कोण हे कळण्याचे साधन नाही.

चुकणाऱ्यास आवरण्याची व्यवस्था मात्र केलेली होती. प्रत्येक नियंत्रक आपल्या चुका मोजतो. मोजदाद १२७ च्या वर गेली की त्याला इतरांचे बोलणे तोडण्याचा अधिकार उरत नाही, आणि पाठविताना झालेल्या चुकांची मोजदाद २५५ च्या वर गेली की तो स्वतःस तारेवरून दूर करतो. व्यवस्था मोठी समंजस आहे. परंतु ती सर्वांच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. वेगळ्या गतीने बोलणारे उपकरण मौनात गेले आणि त्याच्या आज्ञावलीने त्याला लगेच पुन्हा उठविले, तर तेच भांडण फिरून सुरू होते, आणि त्या गोंधळात ब्रेकचे संदेशही अडतात.

याहून बोधप्रद कथा एका राखीव बिटाची आहे. भविष्यातील विस्तारासाठी रचनाकारांनी संदेशाच्या आरंभी एकदोन बिट मोकळे ठेवले होते. १९९१ मध्ये कॅनची दुसरी आवृत्ती आली, आणि ओळखांक ११ बिटांचा होता तो गरजेप्रमाणे २९ बिटांचाही करता येऊ लागला. जुन्या चिपा हा लांब संदेश चूक समजून तोडीत. फिलिप्सने आपल्या जुन्या चिपेच्या जागी 'एसजेए १०००' ही चिप काढली, तेव्हा तिच्यात जुनी आणि नवी अशा दोन रीती ठेवल्या. चालू करताच ती जुन्या रीतीने वागे, नवी रीत मुद्दाम मागावी लागे. सुसंगतीचा हा एक सुसंस्कृत नमुना म्हणावयास हरकत नाही.

२०१२ मध्ये बॉशने कॅनचा जलद प्रकार मांडला. एका संदेशात ८ बाइटांऐवजी ६४ बाइट जाऊ लागले, आणि खूण म्हणून उरलेला राखीव बिट वापरला गेला. जुन्या मानकाचा नियम असा होता की राखीव बिटाचे मूल्य काहीही असो, ऐकणाऱ्याने ते स्वीकारावे. नियम उदार दिसतो. पण त्याचाच परिणाम घातक ठरला. जुना नियंत्रक तो बिट स्वीकारून पुढचे जलद बिट जुन्या गतीने वाचू लागतो, अर्थातच अडखळतो, आणि एक निर्दोष संदेश सदोष म्हणून सर्वांसाठी नष्ट करतो. नव्यास जुन्याची भाषा कळते, जुन्यास नव्याची कळत नाही. आणि न कळलेले तोडण्याचा अधिकार जुन्याकडे आहे. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ही चूक ओळखून, राखलेल्या बिटावर अपरिचित मूल्य दिसताच संदेश न तोडता तो संपेपर्यंत स्तब्ध राहण्याची तरतूद करण्यात आली. मात्र त्याच मानकाने शुद्धता तपासण्याची रीतही बदलली, त्यामुळे २०१२ चा जलद प्रकार आणि २०१५ चा जलद प्रकार हेही परस्परांस अनोळखी झाले. विसंगती निर्माण होण्यास तीन वर्षे पुरली.

रेडिओकडे पुन्हा वळले असता अंतर लक्षात येते. आता तो या तारांवर लटकलेला आहे. गाडी उभी असता सर्व नियंत्रक निद्रिस्त व्हावयाचे असतात. एखाद्या नव्या उपकरणाने संदेश पाठविणे चालूच ठेवले, तर सारे जाळे जागे राहते आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते. धूर नाही, फ्यूज जात नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक यांनी जीप चेरोकीच्या रेडिओत दुरून शिरून ब्रेकपर्यंत जाता येते, हे दाखविले. कॅनशी जोडलेल्या चिपेची आज्ञावली त्यांनी बदलली होती. निर्मात्याने सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. तो रेडिओ कारखान्याचाच होता. तेव्हा धोका केवळ परक्या उपकरणाचा आहे, हा निर्मात्यांचा युक्तिवाद पुरता टिकत नाही.

कायद्याची गती याहून मंद आहे. २०१५ मध्येच अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने, स्वतःच्या वाहनाच्या आज्ञावलीचे कुलूप निदान, दुरुस्ती वा वैध फेरबदल यांसाठी उघडण्याची मुभा मालकास दिली; करमणुकीच्या व दूरसंचाराच्या यंत्रणा मात्र त्या वेळी वगळल्या. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्धचे फेरबदल अवैध ठरविले. नोंदणीपत्रावर इंजिनाचा क्रमांक असतो, रंग असतो, आसनसंख्या असते. आज्ञावलीच्या आवृत्तीसाठी त्यावर रकाना नाही.